न कापलेली पाने

अहमदनगर,
ता. १० सप्टेंबर १९४४

तीर्थस्वरूप नानांचे सेवेशी,
बालके पुष्पावतीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे. आईने पाठवलेला मेतकुटाचा डबा मोटारीत कोणाच्या तरी बोचक्याखाली सापडून चेपला, पण मेतकूट सुखरूप पोचले. माझ्या खोलीतल्या सोबतीण सुचित्राबाई, ज्या आमच्या शाळेत गणित शिकवतात, त्यांनी ते अर्धे संपवले आणि वर मला सांगितले की भागाकार बरोबर झाला आहे.

कालच्या साप्ताहिकात माझा चौथा लेख आला. आपल्याकडे आजच्या मोटारीने अंक येईल. संपादक हेमचंद्रजी कागदाच्या टंचाईमुळे मला दीड रकान्यापेक्षा जास्त जागा देत नाहीत, तरी लेख थांबवीत नाहीत हे उपकारच. नाना, आपल्या घरात मी पहिली बी. ए. झाले. पश्चिमेकडचे मोठे ग्रंथ मी एकटीने वाचायचे आणि मिटून ठेवायचे, हे मला पटत नाही. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यापर्यंत ते पोचवावेत, एवढ्यासाठी हा खटाटोप. मी काही पंडित नाही. हौसेने वाचते आणि जमेल तसे लिहिते.

ही कादंबरी मला कापडबाजारातल्या रद्दीवाल्याकडे मिळाली. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातली, शंभर वर्षांपूर्वीची, इंग्रजीत भाषांतर झालेली. बदके पाळणारी एक गरीब विधवा, तिचा एकुलता मुलगा लढाईवर जातो, ती वाट पाहते. कालच्या लेखात तो मुलगा रणात पडतो. ते पान वाचताना मला रडू आवरले नाही. लेखाच्या शेवटी मी लिहिले आहे की कादंबरी खऱ्या अर्थाने येथेच संपते. पुढची शंभर पाने म्हणजे विझलेली चूल, ती नसती तरी ग्रंथाचे काही बिघडले नसते. हेमचंद्रजी म्हणाले की हे वाक्य एखाद्या प्रोफेसराने लिहिल्यासारखे आहे. तेव्हापासून मी जरा ताठ चालते असे सुचित्राबाईंचे म्हणणे आहे.

लेख कसा वाटला ते सविस्तर लिहावे. आईस नमस्कार. माझ्यावर लोभ आहे तो आहेच. वाढला तर ठेवायला जागा आहे.

आपली आज्ञाधारक,
पुष्पावती

•

पारनेर,
ता. १९ सप्टेंबर १९४४

चि. पुष्पावतीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पावले. तुझी आई विचारते की मेतकुटात सुचित्राबाईंचा वाटा इतका मोठा कसा, आणि बी. ए. झालेल्या मुलीला आपला डबा राखता येत नसेल तर पुढे संसार कसा राखणार. हा प्रश्न मी जसाच्या तसा पोचवला आहे, उत्तर तू परस्पर दे.

आता मुख्य गोष्ट. तुझे लेख मी एकटा वाचतो असे तुला वाटत असेल, तर तसे नाही. चातुर्मासात मी मारुतीच्या ओट्यावर पोथी सांगतो हे तुला ठाऊकच आहे. रविवारी अंक आला की पोथीनंतर दिवे लागायच्या आत तुझा लेखही वाचतो. पंधरा-वीस माणसे हटकून थांबतात. परक्या नावांनी माझी कवळी हलते, म्हणून मी म्हातारीला नुसती बदकवाली म्हणतो आणि मुलाला बदकवालीचा लेक. गहिनीनाथाला दर खेपेस शंका येते, की त्या मुलखात ज्वारी होत न्हाई म्हनता, तर मानसं खात्यात काय. लेखात तसे काही नसल्याने मी त्याला अजून उत्तर दिलेले नाही.

सर्वांत आधी येऊन खांबाशी बसते ती बनुबाई. वेशीजवळचे घर, तुला आठवत असेल. तिचा भीमा तीन वर्षांपूर्वी पलटणीत गेला. पलटण इटलीत आहे म्हणतात. आषाढात सरकारी कागद आला. पोस्टमास्तरांनी वाचून सांगितले की भीमाचा ठावठिकाणा लागत नाही. त्यावर पुढे काही कळले नाही. मी तिला दोनदा म्हणालो की पलटणीच्या कचेरीला पत्र टाकून विचारू. ती ऐकत नाही. म्हणते, मास्तर, इचारलं की ते काय तरी सांगतील. न्हाई इचारलं तवर त्यो हाय. घरात ती आणि सून चांगुणा, दोघीच. दोघी एकमेकींशी इतक्या जपून बोलतात की शेजाऱ्यांना त्यांची काळजी वाटते.

तर दहा तारखेला तुझा चौथा लेख वाचताना मी मुलाच्या मरणापाशी आलो आणि समोर बनुबाई. पोथी मरणावर कधी बांधून ठेवत नाहीत, पुढचे काही मंगल वाचून मगच बासन बांधायचे, ही आपल्याकडची रीत. तुझ्या लेखात पुढे मंगल शोधू गेलो तर खाली एकदम दंतमंजनाची जाहिरात. मग मीच पुढचे सांगितले. मुलगा जखमी होऊन पडला, एका म्हाताऱ्या वैदूने त्याला उचलून नेले, झाडपाला लावला, आणि सुगीच्या दिवसांत तो काठी टेकत आईच्या दारात आला. मी सांगितले बरे, असे माझे मला वाटले. बनुबाईने जाताना पायांवर डोके ठेवले.

तुझ्यापासून लपवू नये म्हणून लिहिले. प्रकृतीस जपावे. आमची माया पत्रात मावत नाही, म्हणून येथेच थांबतो.

विष्णु नारायण

•

अहमदनगर,
ता. २४ सप्टेंबर १९४४

तीर्थस्वरूप नानांचे सेवेशी,
बालके पुष्पावतीचा शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र मी तीन वेळा वाचले. राग आला असे लिहिणे मुलीला शोभत नाही, म्हणून वाईट वाटले असे लिहिते. पण सुचित्राबाई समोर बसल्या आहेत आणि त्या म्हणतात की हा रागच आहे.

नाना, आपण पस्तीस वर्षे शाळा चालवलीत. उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडावी, मनाने रचून लिहू नये, हे आपण मला तिसरीत असताना छडी दाखवून शिकवले. ग्रंथकाराने जो मुलगा मारला त्याला आपण झाडपाल्याने उठवले! ज्याने हा ग्रंथ लिहिला त्याला असे गोड करून लिहिता आले नसते का? त्याने ते लिहिले नाही, म्हणून तर तो ग्रंथ शंभर वर्षे टिकला. बनुबाईंची कीव मलाही येते. पण शेतकरी बायकांना खरे सोसत नाही असे आपण ठरवायचे आणि त्यांना वैदू आणि झाडपाला द्यायचा, यात त्यांचा मान कुठे राहिला?

दिवाळीच्या सुट्टीत मी मूळ पुस्तक घेऊन येते. ते पान मी स्वतः ओट्यावर वाचीन, इंग्रजीवरून थेट मराठी करीत. आपण माझ्या शेजारी बसावे.

काही अधिक-उणे लिहिले गेले असेल तर पोटात घालावे. आईला सांगावे की डबा परत पाठवते आहे, आणि संसाराच्या प्रश्नाचे उत्तर डब्यात नाही. आपले प्रेम रागावरही पुरून उरते, या भरवशावर,

आपली,
पुष्पावती

•

अहमदनगर,
ता. २९ ऑक्टोबर १९४४

तीर्थस्वरूप नानांचे सेवेशी,
बालके पुष्पावतीचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. केडगावजवळ मोटारीला पेट्रोलऐवजी लावलेला कोळशाचा बंब थंड पडला आणि सर्व उतारूंनी खाली उतरून मोटार ढकलली. एका आजीबाईंनी मला विचारले की तू मास्तरीण असून ढकलतेस कशी. मी म्हणाले की मोटारीला ते माहीत नाही.

घरी असताना बोलायचे राहिले ते लिहिते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर ते पान वाचले, तेव्हा मला वाटले होते की बनुबाई रडतील किंवा उठून जातील. त्यांनी यातले काहीच केले नाही. त्या म्हणाल्या, की मला ठावं हुतं. वैदूपसनं मास्तरचा आवाज पळायला लागला, पोथीवानी चालंना. लोक हसले आणि आपणही हसलात. मला त्या क्षणी जिंकल्यासारखे वाटले, हे कबूल करते.

पण मग त्यांनी विचारले, फुडं? मी सांगितले, पुढे विशेष काही नाही. त्या म्हणाल्या, न्हाई कसं? लेक मेला, आई हाय न्हवं अजून? तिनं काय केलं? मी म्हणाले की मुख्य कथा संपली, बाकीचा भाग सैल आहे. गोष्ट सैल म्हणजे कशी, असे त्यांनी गहिनीनाथांना विचारले. ते म्हणाले, बैलाचं दावं सैल आसतं तसं. मग त्या पदर झटकून निघून गेल्या.

तेव्हापासून मला चैन नाही. मी खरे वाचले, तरी त्या माझ्यावर नाराज का झाल्या? आपले मत लिहावे. आईला नमस्कार. चकल्या आज संपल्या, यावेळी दोष सुचित्राबाईंचा एकटीचा नाही. ममता आहे तशीच असू द्यावी.

आपली,
पुष्पावती

•

पारनेर,
ता. ४ नोव्हेंबर १९४४

चि. पुष्पावतीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू मत विचारलेस म्हणून लिहितो, एरवी लिहिणार नव्हतो.

तू घरी असताना एक दिवस दुपारी तुझे पुस्तक मी चाळले. मला इंग्रजीचे एक अक्षर कळत नाही. पण इतकी वर्षे पुस्तके हाताळली, त्यामुळे पुस्तक कळते. जुन्या पद्धतीचे ते पुस्तक. कागद दुमडून शिवलेला, वाचणाराने सुरीने पाने कापत पुढे जायचे. सुरुवातीची पाने कापलेली आहेत, काठांवर तुझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. ओट्यावर वाचायचे म्हणून तू कागदाची खूण घातलेल्या, त्या मुलाच्या मरणाच्या पानापुढे मात्र एकही पान कापलेले नाही. शंभराच्या शंभर पाने एकमेकांना चिकटून जशीच्या तशी आहेत. त्यांत मुंगीसुद्धा शिरलेली नाही.

ओट्यावर मी बोललो नाही. चारचौघांत मुलीला खाली पाहायला लावणे मला जमले नाही, आणि माझ्या वैदूची आठवण ताजी होती. मी मेलेल्या एकाला जिवंत केले, हे चुकलेच. पण तू एका जिवंत बाईला शंभर पानांत कोंडून वर चूल विझली असे छापून दिलेस. दोघांत मोठा गुन्हा कोणाचा ते तूच ठरव, तू पदवीधर आहेस.

हे पत्र आईला वाचून दाखवलेले नाही. तिने विचारले की एवढे काय लिहिता, तर मी म्हणालो शाळेचे बोलणे आहे. थंडी सुरू झाली आहे, शाल वापर. रागावलो नाही, एवढे या पत्राच्या शेवटी तुझ्या ध्यानात यावे.

विष्णु नारायण

•

अहमदनगर,
ता. १९ नोव्हेंबर १९४४

तीर्थस्वरूप नानांचे सेवेशी,
बालके पुष्पावतीचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला पंधरा दिवस लागले. पहिले दोन दिवस आपले पत्र मी उशीखाली ठेवले होते.

नाना, ते खरे आहे. भाषांतरकाराने प्रस्तावनेत लिहिले होते की शेवटचा भाग सैल आहे. मुलगा मेला तेव्हा मी रडले, लेख शनिवारी द्यायचा होता, आणि मला वाटले की इतका मोठा माणूस सांगतो ते बरोबरच असणार. विझलेली चूल हे शब्द तेवढे माझे. आपल्याला मी छडीची आठवण करून दिली तेव्हासुद्धा ती पाने तशीच होती, आणि तेव्हा ते माझ्या मनातही आले नाही. याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.

भाजीच्या सुरीने पाने कापली आणि दोन रविवार आणि मधल्या संध्याकाळी वाचून काढली. काय आहे त्यांत ते सांगते. बातमी येते. आठ दिवस शेजारणी तिला भाकरी-पाव आणून देतात. नवव्या दिवशी कोणी येत नाही, कारण त्यांनाही आपापली कामे आहेत. मग तिची बदके कुंपणातून शेजारणीच्या जवाच्या शेतात शिरतात. त्यावरून भांडण जुंपते आणि ते चाळीस पाने चालते! गावचे पंच बसतात, कुंपण कोणी बांधायचे यावर खल होतो, दोघी एकमेकींच्या सात पिढ्या काढतात. पंचांचा निकाल दोघींनाही मान्य होत नाही. हिवाळा पडतो. मुलाचा जाड कोट पेटीत असतो, तो ती काढते आणि स्वतः घालते, थंडी असते म्हणून. ग्रंथकार त्यावर एक शब्दही जास्त लिहीत नाही. शेवटच्या पानावर ती शेजारणीला हाक मारून सांगते की आभाळ भरले आहे, कुंपण आजच दोघी मिळून बांधून टाकू. संपले.

मुलाच्या मरणाच्या पानावर मी रडले होते. यावर रडू आले नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवताना मी मध्येच थांबले आणि मुलींनी विचारले की बाई, काय झाले.

हेमचंद्रजींना मी सांगितले की मी न वाचता लिहिले, हे मला छापून कबूल करायचे आहे. ते म्हणाले, बाई, एकाही वाचकाची तक्रार आलेली नाही, कागद मिळत नाही, तुम्ही हे काय काढलेत. मी म्हणाले, तक्रार आली आहे, पारनेरहून, आणि ती लिहिता न येणाऱ्या बाईची आहे. शेवटी त्यांनी दहा ओळी दिल्या.

सोबत त्या शंभर पानांचे मराठी पाठवते. बावीस ताव झाले आहेत. काहीही गाळलेले नाही. जिथे मला शब्द कळला नाही तिथे जागा कोरी ठेवली आहे. हे आपण ओट्यावर वाचावे. बनुबाईंना सांगावे की पोरगी चुकली. आपण मला चारचौघांत वाचवलेत, ते मी विसरणार नाही.

आपली,
पुष्पावती

•

पारनेर,
ता. २९ नोव्हेंबर १९४४

चि. पुष्पावतीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

ताव पोचले. चातुर्मास संपला, पोथी बांधली, तरी रविवारी आणि सोमवारी ओट्यावर माणसे जमली ती केवळ बदकवालीसाठी. तुझा निरोप आधी सांगितला. बनुबाई म्हणाली, चुकली तर चुकली, वाचा.

मी एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. कोऱ्या जागा आल्या तिथे इथे कोरे आहे असे सांगितले. कुंपणाच्या भांडणाला काय रंग चढला म्हणून सांगू! गहिनीनाथ शेजारणीच्या बाजूने. म्हणाला, जनावर तुजं, राखन तुजी, लोकाचं पीक का खाया घालतीस. त्यावर बनुबाई उसळली. म्हणाली, पीक त्येचं तर कुपाटी बी त्येनंच घालावी, बदकाला काय सात-बारा वाचता येतो व्हय. मग दोघे वीस मिनिटे भांडले. मी ताव हातात धरून बसून राहिलो. शेवटी बनुबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. आषाढापासून तिला हसताना कोणी पाहिले नव्हते. चांगुणा मागे बायकांत बसली होती, ती सासूकडे पाहतच राहिली.

कोटाच्या जागी मला थांबावेसे वाटले. बनुबाईनेच पुढे वाचा म्हणून खूण केली, आणि नंतर म्हणाली, मग काय, कापड पेटीत ठिवून थंडी जाती व्हय?

काल सकाळी ती घरी आली. फडक्यात बांधलेला तो सरकारी कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, मास्तर, त्या बाईला कळलं तरी. कळलं म्हून तिला भांडता आलं. मला आखाडापसनं सुनंवर वरडता बी येईना, रडता बी येईना, दोघी आपल्या चोरावानी घरात फिरतो. लिवा आता.

कचेरीला इंग्रजीत लिहिलेले बरे, असे पोस्टमास्तर म्हणतात. ते काम तुझे. भीमाचा पलटणीतला नंबर आणि कागदाची नक्कल सोबत आहे. लवकर कर. या खेपेस आई डबा पाठवीत नाही, डबाच नाही म्हणते, चकल्यांचा तुझ्याकडेच आहे. काळजी आमची, कष्ट तुझे, असे चालू द्यावे.

विष्णु नारायण

•

अहमदनगर,
ता. ३ डिसेंबर १९४४

तीर्थस्वरूप नानांचे सेवेशी,
बालके पुष्पावतीचा शि. सा. न. वि. वि.

अर्ज आज टपालात टाकला. इंग्रजीत पाच ओळी आहेत. बी. ए.च्या परीक्षेत मी एका तासात आठ पाने लिहिली होती. या पाच ओळींना मला दोन दिवस लागले. पहिल्या खर्ड्यात मातेचे व्याकूळ हृदय वगैरे होते, ते सुचित्राबाईंनी खोडले. म्हणाल्या, कारकुनाला नंबर हवा असतो.

मराठी नक्कल सोबत आहे, बनुबाईंना वाचून दाखवावी. नाव, नंबर, गाव, आईचे नाव, आणि शेवटी एवढेच, की जे काही कळले असेल ते आईला स्पष्ट कळवावे. हे त्यांना मान्य नसेल तर मला लगेच लिहावे, मी दुसरे पत्र टाकीन. उत्तर आपल्या पत्त्यावर येईल.

हेमचंद्रजींनी माझ्या दहा ओळी छापल्या. शाळेतल्या एका बाईंनी विचारले की लोकांना न कळलेली चूक तू का सांगितलीस. मी त्यांना कापलेली पाने दाखवली. सध्या नवीन पुस्तक सुरू केलेले नाही. आपल्या दोघांच्या छायेत सदैव असावे, हीच इच्छा.

आपली,
पुष्पावती

•

पारनेर,
ता. ८ जानेवारी १९४५

चि. पुष्पावतीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

घाईत लिहितो. उत्तर आले आहे. लांब सरकारी पाकीट, आत इंग्रजी कागद असणार. पोस्टमास्तर फोडून वाचतो म्हणाले. बनुबाई नको म्हणाली. तिचे म्हणणे असे, की पोष्टमास्तर आरदं वाचतो अन् तोंड फिरवतो. मास्तर चांगलं करून वाचतो. त्या पोरीनं एकडाव गाळलं, आता ती गाळायची न्हाई. तिच्याकडंच जाते.

माझ्याबद्दल बोलली ते तोंडावर बोलली.

परवा, बुधवारच्या मोटारीने ती तुझ्याकडे येते. पाकीट न फोडता पदरात बांधून आणील. चांगुणाला पाकिटाची गोष्ट सांगितलेली नाही. संक्रांतीच्या बाजाराला नगरला जाते असे तिने घरी सांगितले आहे. तू स्टँडवर जा. तिला नगर ठाऊक नाही. तिचे जेवणखाण, झोपण्याची सोय नीट कर. आईने गूळपोळ्या दिल्या आहेत. जास्त काय लिहू, तुला सांगायला नको.

विष्णु नारायण

•

अहमदनगर,
ता. ११ जानेवारी १९४५

तीर्थस्वरूप नानांचे सेवेशी,
बालके पुष्पावतीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आपल्याला उद्या मिळेल. बनुबाई शनिवारच्या मोटारीने निघतील. त्यांनीच मला सांगितले, की आधी मास्तरला लिव, मग मी जाते.

काल दुपारी त्या उतरल्या. खोलीवर आल्यावर हातपाय धुतले, पाकीट सोडून माझ्यापुढे ठेवले आणि भिंतीला टेकून बसल्या. मी एक ओळ इंग्रजीत वाचायची आणि तिचे मराठी करायचे, असे शेवटपर्यंत केले. भीमा गेल्या जूनच्या नऊ तारखेला एका डोंगरी गावाजवळ लढाईत पडला. आधी ओळख पटली नव्हती. पुढे त्याच्याच तुकडीतल्या हवालदाराने ती पटवली. तिथेच त्याला सोबत्यांनी माती दिली आहे. जागेची नोंद कचेरीत आहे. तेवढेच आहे, नाना. खाली सही आहे.

त्यांनी मला पुन्हा एकदा सगळे वाचायला सांगितले. मग विचारले की त्या हवालदाराचं नाव काय. कागदात होते, कानिफनाथ असे. त्यांनी ते दोनदा स्वतःशी म्हटले. म्हणजे वळकीचं मानूस हुतं तिथं, असे म्हणाल्या. मग बराच वेळ रडल्या, आवाज न करता. सुचित्राबाईंनी चहा केला, तो त्यांनी सगळा प्यायला. मला म्हणाल्या, तू का रडतीस बाय, तू बरूबर वाचलंस.

आज सकाळी त्या बाजारात जायचे म्हणाल्या. मी नको म्हणत होते. त्यांनी चांगुणासाठी हिरव्या बांगड्या घेतल्या, डझनभर. कासाराने दोन पिचक्या घातल्या होत्या, त्या त्यांनी निवडून काढल्या आणि त्याच्याशी अशा भांडल्या की चार माणसे थांबली. त्याने निमूटपणे चांगल्या काढून दिल्या. परत येताना वाटेत, माझ्याकडे न पाहता त्यांनी सांगितले, की सुनंला मीच सांगीन. संक्रांत हू दे. करीचा दिस जाऊ दे. मंगळवारी सांगीन. तवर तेवढा सन तिला घालू दे हातात.

मी बोलायला तोंड उघडले होते. पण बांगड्यांचा पुडा माझ्या हातात होता, बांगड्या पिचू नयेत म्हणून तो मी पदरात घेतला.

नाना, आपण शनिवारी स्टँडवर जावे. दुसऱ्या कोणाला नेऊ नये. बनुबाईंना घरापर्यंत पोचवावे. चांगुणा दारात असेल. तिने आपल्याला काही विचारले तर रचून काही सांगू नये, आणि जे आहे तेही सांगू नये. सासूबाई आल्या आहेत, त्यांच्याजवळ बस, एवढेच म्हणावे आणि घरी यावे. हे आपल्याला जड जाईल हे मला ठाऊक आहे. मंगळवारपर्यंत चारच दिवस आहेत.

आईला यातले काय सांगायचे ते आपण ठरवावे. मी पुढच्या रविवारी येते. तोवर आपल्या दोघांची माया बनुबाईंच्या घराकडे थोडी जास्त वळू द्यावी. माझ्या वाट्याची कमी झाली तरी चालेल.

आपली,
पुष्पावती